डोळा लागला का? साखर आणि प्रथिनाची जोडणी तपासायला शिकणाऱ्यांसाठी

आमच्या वरूड तालुक्यात संत्र्याचं रोप थेट बी लावून करत नाहीत. आधी जंबेरीचा खुंट वाढवायचा, त्याची साल हलकेच उकलायची, आत चांगल्या संत्र्याचा डोळा बसवायचा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळून बांधायचा. शेंदूरजना घाटच्या रोपवाटिकांमध्ये अशी हजारो रोपं रांगेत उभी दिसतात. माझे बाबा हेच काम करायचे. पट्टीची गाठ बसली की मी विचारायची, "झालं का?" ते म्हणायचे, "बांधला म्हंजे लागला असं नसते माय. पंधरा-वीस दिसानं पाय. हिरवा असंल तं लागला, काया पडला तं गेला."

पुढे बरीच वर्षं मी लसींच्या तपासणी प्रयोगशाळेत काम केलं. तिथेही रोज हाच प्रश्न असायचा. साखर आणि प्रथिन एका नळीत आहेत एवढ्यानं ती एकमेकांना जोडली गेली असं होत नाही. आता मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या मुलांना शिकवते. यांतली बरीच मुलं पुण्याला किंवा हैदराबादला क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, नोकरीला लागतात आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हातात कॉन्जुगेट, म्हणजे साखर प्रथिनाला जोडलेल्या, लसीचा नमुना येतो. त्या आठवड्याची तयारी इथूनच व्हावी म्हणून हे लिहिते आहे.

जोडायचं कशासाठी

हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झी टाइप बी), न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस या जंतूंच्या अंगावर साखरेच्या लांब साखळ्यांचं आवरण असतं. या साखळीला पॉलिसॅकराइड म्हणतात. मोठ्या माणसाला नुसतं पॉलिसॅकराइड टोचलं तरी प्रतिपिंडं तयार होतात. दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर मात्र त्याला नीट दाद देत नाही, कारण नुसत्या साखरेला टी पेशींची मदत मिळत नाही आणि आठवणही राहत नाही. तीच साखर एखाद्या प्रथिनाला जोडली की टी पेशी कामाला लागतात. १९२९ मध्ये एव्हरी आणि गोबेल यांनी सशांवर हे दाखवलं होतं. माणसांसाठीची पहिली हिब कॉन्जुगेट लस अमेरिकेत १९८७ मध्ये आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवलेली मेनिंगोकोकसची लस मेनअफ्रिव्हॅक २०१० मध्ये बुर्किना फासोमधल्या मोहिमेपासून आफ्रिकेत वापरली गेली. तीही अशीच जोडलेली लस होती.

लांब कशाला जायचं! गावच्या उपकेंद्रात लसीकरणाच्या दिवशी दीड महिन्याच्या बाळाला पेंटाव्हॅलंट आणि पीसीव्ही (न्यूमोकोकसची लस) टोचतात. पेंटातला हिबचा भाग कॉन्जुगेट आहे, आणि पीसीव्ही तर सगळीच. आशाताई ज्या बाळाला हाक मारून आणतात, त्याच्या मांडीत जाणाऱ्या थेंबातली साखर प्रथिनाला धरून आहे की सुटी फिरते आहे, हे कुणीतरी आधी मोजलेलं असतं. ते मोजणारं माणूस उद्या तुम्ही असाल.

प्रथिनाचं काम खुंटाचं. टिटॅनस टॉक्सॉइड, डिप्थेरिया टॉक्सॉइड (टॉक्सॉइड म्हणजे निकामी केलेलं विष) आणि सीआरएम१९७ हे नेहमीचे खुंट. सीआरएम१९७ म्हणजे डिप्थेरियाचं विष, पण ५२व्या जागी ग्लायसिनऐवजी ग्लुटामेट आल्यामुळे निरुपद्रवी झालेलं. त्याचं वजन साधारण ५८ किलोडाल्टन, आणि त्यात लायसिन हे अमिनो आम्ल ३९ ठिकाणी असतं. साखर बहुतेक वेळा लायसिनच्या अमाइनलाच धरते, म्हणून हा ३९चा आकडा लक्षात ठेवा.

गाठ कशी बसते

पद्धती बऱ्याच आहेत. सीडॅप या द्रव्यानं साखरेचे हायड्रॉक्सिल जागे करतात, कार्बोडायइमाइडनं कार्बॉक्सिलमधून अमाइड बंध करतात. नवख्यानं आधी एकच नीट समजून घ्यावी, ती म्हणजे रिडक्टिव्ह अमिनेशन. सोडियम पेरिऑडेट साखरेत शेजारी-शेजारी हायड्रॉक्सिल असलेल्या दोन कार्बनांमधला बंध फोडतं, तिथे अल्डिहाइड तयार होतं. ते अल्डिहाइड लायसिनच्या अमाइनशी शिफ बेस बनवतं. ही झाली बांधलेली पट्टी, कारण शिफ बेस पाण्यात पुन्हा सुटू शकतो. त्यावर रिड्यूस करणारं द्रव्य घातलं की बंध पक्का होतो. तो झाला लागलेला डोळा.

चार नळ्या

कॉलेजात खरं पॉलिसॅकराइड किंवा टॉक्सॉइड मिळत नाही, आणि त्याची गरजही नाही. डेक्स्ट्रान ४० (साधारण ४० किलोडाल्टनची ग्लुकोजची साखळी) आणि बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घ्या. बीएसएचं वजन साधारण ६६.५ किलोडाल्टन, त्यात ५९ लायसिन आणि टोकाचा एक अमाइन धरून ६०.

डेक्स्ट्रान मिलिलिटरला १० मिलिग्रॅम विरघळवा. दहा ग्लुकोजमागे एक रेणू या हिशेबानं सोडियम मेटापेरिऑडेट घाला. मिलिलिटरला साधारण १.३ मिलिग्रॅम होतं. नळीला फॉइल गुंडाळून अंधारात दोन तास ठेवा. थोडं ग्लिसरॉल घालून उरलेलं पेरिऑडेट संपवा आणि पाण्यात डायलिसिस करा. मग तेवढ्याच वजनाचं बीएसए घालून पीएच ९च्या कार्बोनेट बफरमध्ये रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. इथे ट्रिस बफर कधीही वापरू नका. ट्रिसमध्ये स्वतःचं अमाइन असतं, ते प्रथिनाच्या आधी अल्डिहाइडवर जाऊन बसतं आणि तुमची जोडणी होतच नाही. सकाळी बर्फात ठेवून ताजं सोडियम बोरोहायड्राइड घाला, मिलिलिटरला १ मिलिग्रॅम, दोन तास. हायड्रोजन सुटतो, म्हणून झाकण सैल ठेवा आणि जवळ बर्नर नको. कारखान्यात यासाठी सायनोबोरोहायड्राइड वापरतात. ते आम्लाला भेटलं की हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू सुटतो. चांगला फ्यूम हूड नसलेल्या कॉलेजात त्याची बाटली उघडूच नये. शेवटी पुन्हा डायलिसिस.

ही पहिली नळी, कॉन्जुगेट. आता दुसरी. ऑक्सिडाइझ केलेलं डेक्स्ट्रान घ्या, पण त्याला आधी बोरोहायड्राइड द्या, म्हणजे त्याचे अल्डिहाइड मरतील. डायलिसिस करा आणि मगच बीएसए मिसळा. यात साखर तीच, प्रथिन तेच, प्रमाण तेच, फक्त जोडणी नाही. तिसऱ्या नळीत नुसतं बीएसए, चौथीत नुसतं ते निष्क्रिय केलेलं डेक्स्ट्रान.

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: दुसरी नळी कधीही वगळू नका. पुढची प्रत्येक चाचणी आधी या मिश्रणावर करा. मिश्रणालाच जर ती "जोडलेलं" म्हणत असेल, तर कॉन्जुगेटबद्दल ती जे सांगेल त्याला काही किंमत नाही. नोकरीत घाईच्या दिवशी सगळ्यात आधी हीच नळी वगळली जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याचा मला आजही राग येतो.

साखर किती

फिनॉल-सल्फ्युरिक आम्लाची चाचणी करा. १ मिलिलिटर नमुना, १ मिलिलिटर ५ टक्के फिनॉल, आणि त्यावर ५ मिलिलिटर संहत सल्फ्युरिक आम्ल, एका धारेत थेट पृष्ठभागावर. नळी हाताला चटका देईल इतकी तापते, म्हणून गॉगल, हातमोजे आणि स्टँड हवाच. थंड झाल्यावर ४९० नॅनोमीटरवर वाचा. पिकत आलेल्या संत्र्याच्या सालीचा जसा पिवळा-नारंगी रंग, तसा दिसतो. १० ते १०० मायक्रोग्रॅमच्या टप्प्यात रेघ सरळ येते.

प्रमाण (स्टँडर्ड) म्हणून ग्लुकोज किंवा कोरं डेक्स्ट्रान वापरू नका. पेरिऑडेटनं फोडलेली साखर रंग कमी देते. चौथ्या नळीतलं डेक्स्ट्रान वाळवून, वजन करून तेच प्रमाण म्हणून घ्या. खऱ्या लसीत साखर बदलली की चाचणीही बदलते. हिबच्या साखरेत, म्हणजे पीआरपीत, राइबोज असतं, म्हणून ऑर्सिनॉल. सायलिक आम्ल असेल तर रिसॉर्सिनॉल.

मागच्या वर्षी डिसेंबरात आमच्या प्रयोगशाळेत एक अडचण आली. ब्लँक, म्हणजे नुसतं पाणी घातलेली नळी, नारंगी व्हायला लागली. तीही दरवेळी नाही. तीनपैकी एक रंगायची, दोन स्वच्छ. पाणी बदललं, फिनॉल नवीन केलं, आम्लाची बाटली बदलली, फरक नाही. शेवटी एका मुलीनं रिकामी नळी उजेडात धरून फिरवली. आतल्या काचेला केसाहूनही बारीक एक पांढरा तंतू चिकटलेला होता. कॉलेजच्या मागे जिनिंग आहे, हंगाम जोरात होता आणि खिडक्या उघड्या होत्या. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचीच साखळी. आम्लानं तो तंतू विरघळवला आणि चाचणीनं प्रामाणिकपणे साखर दाखवली. तेव्हापासून आम्ही नळ्या कापडानं पुसत नाही, टिश्यू आत घालत नाही, धुतलेल्या नळ्या उलट्या वाळवतो, तोंडाला फॉइल लावतो आणि प्रत्येक मापनाला तीन ब्लँक ठेवतो. कापसाच्या पट्ट्यात काम करणाऱ्यांनी हे पाठच करावं.

प्रथिन किती

बीसीए चाचणी, ५६२ नॅनोमीटर. ही चाचणी तांब्याच्या रिडक्शनवर चालते, आणि अल्डिहाइड किंवा रिड्यूस करणाऱ्या साखरासुद्धा तांबं रिड्यूस करतात. म्हणून चौथी, नुसत्या साखरेची नळीही बीसीएत लावा आणि जो आकडा येईल तो वजा करा. तसंच तिसरी, नुसत्या प्रथिनाची नळी साखरेच्या चाचणीत लावा. बाकी इथे फारसं चुकत नाही.

मोकळी साखर: खरी परीक्षा इथे

सोडियम डीऑक्सिकोलेट आम्लात प्रथिनाला घेऊन खाली बसतं. प्रथिनाला जोडलेली साखर त्याच्याबरोबर साक्यात, म्हणजे तळाच्या गाळात, जाते, सुटी साखर वरच्या निवळीत राहते. १ मिलिलिटर नमुना, त्यात १०० मायक्रोलिटर १ टक्का डीऑक्सिकोलेट, पीएच ६.८. अर्धा तास बर्फात. मग ५० मायक्रोलिटर १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल. नळी दुधाळ होते. सेंट्रिफ्यूज करा.

आता हात सांभाळा. साका मऊ असतो, तळाला घट्ट चिकटत नाही. नळी तिरकी धरा, पिपेटचं टोक पृष्ठभागालगत ठेवा आणि वरची निम्मी निवळ एवढीच घ्या. शेवटच्या थेंबाचा मोह नको. साक्याचा एक कण जरी आला तरी जोडलेली साखर मोकळी म्हणून मोजली जाते. ऐन मापनाच्या वेळी लाइट गेली आणि सेंट्रिफ्यूज मध्येच थांबलं, तर ती नळी टाकून द्या, पुन्हा फिरवून वापरू नका. मे महिन्यात बर्फ पाहता-पाहता वितळतो, म्हणून डब्यात पाणी दिसलं की बर्फ बदला.

हिशेबात सगळ्यात जास्त होणारी चूक सांगते. समजा कॉन्जुगेटमध्ये मिलिलिटरला एकूण साखर ४०० मायक्रोग्रॅम आहे आणि निवळीत ६० निघाली. पटकन १५ टक्के म्हणाल. पण तुम्ही १ मिलिलिटर नमुन्यात ०.१५ मिलिलिटर द्रव वाढवलं होतं. ६० गुणिले १.१५ म्हणजे ६९, आणि मोकळी साखर १७.२५ टक्के. हिबच्या लसीत मोकळ्या साखरेची मर्यादा साधारण २० टक्क्यांच्या आसपास असते. तिथे या सव्वादोन टक्क्यांवर एखादा लॉट पास की नापास हे ठरू शकतं.

मग दोन उलटतपासण्या. पहिली, मिश्रणाची नळी: तिथली जवळजवळ सगळी साखर निवळीत सापडली पाहिजे. ८५ टक्केच सापडली तर प्रथिन खाली बसताना सुटी साखरही ओढून नेतं आहे असं समजा. डेक्स्ट्रानवर भार नसतो म्हणून हे कमी होतं. ऋणभारित साखरा आम्लात प्रथिनाला चिकटतात, तिथे फार जपावं लागतं. दुसरी, निवळीतलं प्रथिन मोजा. ते शून्याजवळ हवं. नसेल तर काही कॉन्जुगेट साखरेनं इतकं लपेटलं गेलं आहे की ते खाली बसलंच नाही, आणि त्याची साखर तुम्ही मोकळीत धरली. या दोन चुका विरुद्ध दिशांनी ओढतात. दोन्ही एकाच वेळी झाल्या तर आकडा अगदी बरोबर वाटतो, म्हणून दोन्ही तपासण्या कराच.

जेल आणि कॉलम

एसडीएस-पेजवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर) चारही नळ्या शेजारी-शेजारी चालवा. एसडीएस आणि उष्णता मिळून नुसती चिकटलेली जोडी सुटी करतात. मिश्रणात बीएसएचा ठळक पट्टा ६६च्या जागी दिसेल, जणू साखर नव्हतीच. कॉन्जुगेटमध्ये तो पट्टा फिका पडून वर विहिरीपर्यंत पसरट डाग दिसेल, कारण प्रत्येक प्रथिनावर साखर कमी-जास्त बसलेली असते. ६६ला जो काही पट्टा उरला तो जोडलं न गेलेलं प्रथिन. बाबा डोळा हलकेच ओढून बघायचे, तसं हे ओढून बघणं आहे.

कारखान्यात एसईसी-एचपीएलसी असतं, रेणू आकारानुसार वेगळे करणारा कॉलम. मोठे रेणू कॉलममधल्या मण्यांच्या छिद्रांत शिरत नाहीत म्हणून आधी बाहेर येतात, लहान मागून. २८० नॅनोमीटरवर प्रथिन दिसतं, अपवर्तनांकाच्या डिटेक्टरवर साखर आणि प्रथिन दोन्ही. कॉन्जुगेटचा उंचवटा मोकळ्या प्रथिनाच्या आधी आला की नवखे खूश होतात. थांबा. सुटी पॉलिसॅकराइडची साखळीही मोठीच असते, तीही त्याच वेळी येते आणि २८०वर दिसत नाही. त्यामुळे हा कॉलम मोकळं प्रथिन छान दाखवतो, मोकळी साखर लपवतो. प्रकाश विखुरण्याचा डिटेक्टर जोडला तर त्या उंचवट्यातलं साखरेचं आणि प्रथिनाचं वजन वेगळं काढता येतं, तरी डीऑक्सिकोलेटची चाचणी सुटत नाही.

किती जागी धरलं आहे

टीएनबीएस मोकळ्या अमाइनशी रंग देतं. पीएच ८.५च्या बायकार्बोनेटमध्ये ३७ अंशांवर दोन तास, मग एसडीएस आणि आम्लानं थांबवून ३३५ नॅनोमीटरवर वाचा. हे द्रव्य कोरडं असताना स्फोटक असतं, तयार द्रावणच विकत घ्या. तुलना तिसऱ्या नळीशी करा, आणि त्या नळीलाही बोरोहायड्राइड आणि डायलिसिस दिलेलं असू द्या.

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. एकूण साखर ४००, मोकळी ६९, म्हणून जोडलेली ३३१. प्रथिन ५०० असेल तर वजनाचं गुणोत्तर ०.६६. त्याला बीएसएच्या ६६.५ने गुणून डेक्स्ट्रानच्या ४०ने भागलं की प्रत्येक बीएसएमागे सरासरी १.१ साखळी येते. समजा टीएनबीएसनं २० टक्के अमाइन कमी दाखवले, म्हणजे ६०पैकी साधारण १२. साखळी एक आणि पकडी बारा. याचा अर्थ एकच साखळी प्रथिनाला बऱ्याच जागी धरून आहे, किंवा एका साखळीनं दोन-तीन प्रथिनं ओवली आहेत. जेलवरचा विहिरीपर्यंतचा डाग दुसरी शक्यता बळकट करतो. टीएनबीएसला आत दडलेले अमाइन नीट दिसत नाहीत, म्हणून हा आकडा ढोबळच धरा.

नेमक्या कोणत्या लायसिनवर साखर बसली हे मास स्पेक्ट्रोमेट्री सांगते. ट्रिप्सिन एरवी लायसिन आणि आर्जिनिननंतर प्रथिन कापतं. साखर बसलेल्या लायसिनपाशी कापत नाही, म्हणून तिथे अपेक्षेपेक्षा लांब तुकडा निघतो. अख्खी साखळी मात्र यंत्राला झेपत नाही, ती आधी रसायनानं छाटून बुंधा ठेवावा लागतो. हे काम कॉलेजात होणार नाही, पण तत्त्व समजून जा, मुलाखतीत विचारतात.

आकडे जुळले नाहीत तर

जेल म्हणतं सगळं जोडलं गेलं आणि डीऑक्सिकोलेट म्हणतं ४० टक्के साखर मोकळी, असं होतं. दोन्ही खरं असू शकतं, कारण जेलवर तुम्ही प्रथिन बघता आणि निवळीत साखर. सगळं प्रथिन जोडलं गेलं आणि साखर जास्तीची होती, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी एक आकडा निवडून दुसरा खोडू नका. वहीत दोन्ही लिहा, शेजारी मिश्रणाच्या नळीचे आकडे लिहा, लॉट आणि तारीख घाला. उरलेला नमुना लहान-लहान वाट्यांत विभागून २ ते ८ अंशांत ठेवा. महिन्यानं एक वाटा काढून मोकळी साखर परत मोजा. हिबच्या पीआरपीत साखरेचे दुवे फॉस्फेटचे असतात आणि उष्णतेनं ते तुटतात, म्हणून त्या लसीत मोकळी साखर काळाबरोबर वाढत जाते. पहिल्या दिवशीचा आकडा पुरेसा नसतो. पंधरा-वीस दिवसांनीही पाहावं लागतं.